पाचवी खाच

वामनराव रामटेक्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला तिचं वजन कधी विचारलं नव्हतं. ती पाळी त्यांच्यावर आली एका स्प्रिंगमुळे.

स्प्रिंग एटीव्हीची होती. हँडल मोटरसायकलचं, चाकं चार आणि बसायची तऱ्हा घोड्यावरची, असं ते वाहन. जंगलाकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा वामनरावांनी ते विकत घेतलं, कारण पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होताना खात्याने त्यांना शाल दिली होती आणि तलावांच्या पाळींनी, म्हणजे बांधांनी, दुखरे गुडघे. ब्रह्मपुरीपासून त्यांचं शेत तसं लांब नव्हतं. नहराची पुलिया, म्हणजे कालव्यावरचा लहान पूल, ओलांडली की वननाका, नाक्यापुढे तीन किलोमीटर सागाचं जंगल आणि जंगल संपलं की त्यांचे चार एकर. धान निघून गेलं होतं, आता त्याच बांधीत लाखोळी हे डाळीचं पीक उभं होतं आणि रानडुकरांनाही ते फार आवडलं होतं. रोज सकाळी एक चक्कर टाकणं भाग होतं.

पण त्या जंगलात पिलांची वाघीण फिरत होती, म्हणून नाक्यावर नियम झाला होता की एकट्या माणसाला आत सोडायचं नाही. कमीत कमी दोन. दुसरं माणूस रोज सकाळी सात वाजता कुठून आणायचं? घरातूनच. म्हणून ठमाबाई मागे बसू लागल्या. त्या बसल्या की गाडीचं मागचं अंग बसकण मारायचं, पुढचं अंग वर उठायचं, हँडल हलकं व्हायचं आणि धुक्यात लावलेला दिवा रस्ता सोडून सागाच्या शेंड्यांवर पडायचा.

माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की मागच्या दोन्ही स्प्रिंगांना पाच-पाच खाचा आहेत. वजनाप्रमाणे खाच निवडावी. पहिली सर्वांत नरम, पाचवी सर्वांत कडक. अभियंत्याला एवढं पुरे होतं. फक्त एक आकडा कमी होता.

"वजन? कायले पाह्यजे?" ठमाबाईंनी विचारलं.

"स्प्रिंगले."

"मंग स्प्रिंगले म्हना, बसल्यावर तुले समजनच."

वामनरावांनी मग शास्त्रीय मार्ग काढला. आधी ठमाबाई बसल्यावर मागचा मडगार्ड जमिनीपासून किती उंच राहतो हे पट्टीने मोजून ठेवलं. मग त्या शेजारी गेल्या असताना सीटवर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, ठेवून तीच उंची आणायचा प्रयत्न केला. एक कट्टा कमी पडला, दोन जास्त झाले. दुसऱ्या कट्ट्यातलं धान टोपल्याने उपसत ते दीडवर आले तेव्हा कुंपणापलीकडून शेजारचे नानाजी पाहत होते. नानाजी एसटीत चालक होते आणि निवृत्तीनंतर त्यांची सगळी चालकी सल्ल्यांत उतरली होती. त्यांनी विचारलं आणि वामनरावांनी, खोटं बोलायची सवय नसल्याने, खरं सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठमाबाई दीड कट्टा आहेत हे ठाऊक झालं. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

खोटं बोलायची सवय नव्हती असं वर म्हटलं. ते साधारणपणे खरं होतं.

खाच फिरवायला हुकासारख्या तोंडाचा एक पाना लागतो, तो गाडीबरोबर आला नव्हता. नानाजींनी सुचवलं की एसटीत मागे स्प्रिंगचे पाटे वाढवतात, तसा एखादा पाटा टाकावा. दुसऱ्या कोणी सुचवलं की बाईंनाच पुढे बसवावं. ट्रॅक्टरवाला मिस्त्री जंगू आत्राम एवढंच म्हणाला की पाना बनवून देतो, दोन दिवस थांबा, आणि मागच्या सांध्यातले बुश कोरडे आहेत ते आधी पाहू द्या. पण ज्याने आयुष्यभर तलावांची तोंडं बांधली त्याने एका खाचेसाठी ट्रॅक्टर मिस्त्रीची वाट पाहणं वामनरावांना पटलं नाही. त्यांनी पोलादी खिळा आणि हातोडी घेतली. डाव्या बाजूला अंगठा गेला, उजव्या बाजूला चष्म्याची काडी. सूर्य मावळायच्या आत दोन्ही स्प्रिंगा पाचव्या खाचेवर होत्या. गाडी मागून अशी वर उठली होती की नुसत्या उभ्या गाडीलाही कुठे तरी जायची घाई झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी नानाजींकडून पेढे आले. ते घेऊन त्यांची नात खुशबू आली होती, तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. ठमाबाईंनी पेढा हातात घेतला, खुशबूच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी पन भरला होता फॉर्म. माहा नाई लागला." मग पेढा खाल्ला. वामनराव अंगठ्याला हळद लावत होते, ते लावतच राहिले.

दुसऱ्या दिवशी धुकं असं होतं की गल्लीतून नानाजींचं घर दिसत नव्हतं. वामनरावांनी हेल्मेट घातलं, ठमाबाई मागे बसल्या. गाडी सरळ राहिली. दिवा रस्त्यावर पडला. वामनरावांच्या मनात आलं की हा अंगठा वाया गेला नाही. फक्त बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा कंबरेत कळत होता आणि तसं ठमाबाई पुलियापर्यंत तीनदा सांगून चुकल्या होत्या. पुलियावर म्हशी आडव्या आल्या. वामनरावांनी गाडी जवळजवळ थांबवली, म्हशी गेल्या, ते पुढे निघाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "अजून दुखून राह्यली का पाठ?"

मागून आवाज आला, "हूं."

ठमाबाई एका अक्षरात उत्तर देणाऱ्या नव्हत्या. पण कट्ट्यांच्या प्रकरणानंतर त्या एका अक्षरावर आल्या असतील तर आश्चर्य नव्हतं. वामनराव मुकाट चालवत राहिले. गाडी छान बसून चालली होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्याखेरीज काही नव्हतं, झाडंही आवाजानेच कळत होती, पानांवरून दव टपकायचं तेव्हा.

कधी कधी समोर बघून, पाठीमागच्या माणसाशी, धुक्यात, जे बोलता येतं ते चहाच्या कपावर बोलता येत नाही. वामनरावांनी खुशबूचा विषय काढला. चांगली पोरगी आहे, म्हणाले. हूं. आजकाल मुलींना बाहेर ठेवायला लोक भीत नाहीत, म्हणाले. हूं. मग नाका आला. बांबू आडवा होता. वनरक्षक भूपेश मडावी चौकीच्या खिडकीशी रजिस्टर घेऊन बसला होता. त्याच्या रजिस्टरात वाहनासाठी दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर आणि बैलबंडी एवढेच रकाने होते. पहिल्या दिवशी त्याने वामनरावांना पाऊण तास उभं ठेवून शेवटी 'इतर' असा नवा रकाना आखला होता. आता तो त्यातच लिहू लागला आणि तो लिहीत असताना वामनरावांनी, मान न वळवता, ते वाक्य बोलून टाकलं.

"त्र्याण्णव साली तुहं नर्सिंगचं पत्र आलं होतं."

बांबू वर गेला. गाडी आत शिरली. मागून काही आवाज आला नाही, आणि मग पहिल्या चढाला, सावकाश, "हूं."

त्या एका हुंकाराने त्यांचं बत्तीस वर्षांचं बूच निघालं. त्यांनी सगळं सांगितलं. नुकतं लग्न झालं होतं, ते चामोर्शीला नोकरीवर होते, ठमाबाई घरी. फॉर्मवर पत्ता त्यांनीच भरला होता, म्हणून पत्र त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. चंद्रपूरला दीड वर्ष होस्टेलमध्ये राहायचं होतं. रविवारी घरी गेलो की देऊ, असं त्यांनी ठरवलं. मग पुढच्या रविवारी. दरम्यान पत्र एका तलाव दुरुस्तीच्या फायलीत ठेवलं आणि हजर व्हायची तारीख निघून गेली. तारीख गेल्यावर द्यायचं कसं? ठमाबाई तीन महिने पोस्टमनला विचारत होत्या, तेही त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले की मी वाईट माणूस नव्हतो, घरी आल्यावर घर रिकामं असेल या विचारानेच मी भ्यालो होतो. हूं. त्यात रागही नव्हता, समजूतही नव्हती. कोणी तरी नीट ऐकतं आहे, एवढंच होतं.

जंगल संपलं. वामनरावांनी बांधाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि डोळे पुसून मागे वळले.

मागे कोणी नव्हतं.

सीटचा फोम जुना होता, दाबला की सावकाश वर यायचा. तो त्यांच्या डोळ्यांसमोर वर येत होता. मागच्या अर्ध्या भागातला खळगा हळूहळू भरला, रेक्झिन सपाट झालं आणि त्यावर धुक्याचं पाणी जमायला लागलं.

वामनरावांनी बांधाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. लाखोळी ओली आणि गप्प होती. त्यांनी हाक मारली. घरी ते बायकोला 'अवो' म्हणत किंवा मुलीच्या नावाने 'रिनाची आई' म्हणत. त्या दिवशी त्यांनी नाव घेऊन हाक मारली, आणि धुक्यात 'ठमा' हा आवाज इतका परका वाटला की दुसऱ्यांदा मारवेना. जंगलात कुठे तरी एक वानर खेकसलं. मग सगळी वानरं खेकसायला लागली. वाघीण जवळून जाते तेव्हा असंच होतं, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

ते वळले आणि आलेल्या वाटेने निघाले. आता गाडी वेगळीच वागत होती. मागचं अंग प्रत्येक दगडाला उसळत होतं, दोनदा ते स्वतः सीटवरून उडाले. मागून आवाज येत नव्हता. वाटेच्या कडेला ते साडीचा तुकडा, चप्पल, काहीही शोधत होते आणि काहीही दिसू नये अशी प्रार्थनाही करत होते, ज्या माणसाने बुद्धपौर्णिमेला विहारात प्रार्थनेने काही होत नसतं यावर भाषण केलं होतं त्या माणसाने. नाक्यावर भूपेश काहीतरी ओरडला, ते थांबले नाहीत.

पुलियाजवळच्या टपरीवर ठमाबाई चहा पीत बसल्या होत्या.

"आता ध्यानात आलं का?" त्या म्हणाल्या. "म्हशी आल्या तवाच मी उतरली. पाठ मोडली माही. आवाज देऊन राह्यली, तं हे आपले चालले."

वामनराव त्यांच्याकडे पाहत राहिले. हात लावून बघावा असं त्यांना वाटलं, पण टपरीवर लोक होते. त्यांनी एवढंच विचारलं की पुलियावरच उतरली का, नक्की? ठमाबाईंनी टपरीवाल्याला साक्षीला घेतलं. तिसरा चहा होता तो.

मग पत्राचं कोणाला सांगितलं? हा प्रश्न वामनरावांनी त्या दिवशी जेवताना, झोपताना आणि झोप न येताना स्वतःला विचारला. बायकोला पुन्हा सांगणं हा एक मार्ग होता. पण एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला पहिल्यापेक्षा दुप्पट धैर्य लागतं, आणि त्यांच्याकडे मुळात एकदाचंच होतं.

सकाळी ते गाडी घेऊन जंगूकडे गेले. मनात त्यांनी एक उत्तर तयार केलं होतं: कोरडा बुश. शास्त्र शास्त्रच असतं. जंगूने मान हलवली, मागच्या सीटवर बसला, आणि गाडी म्हणाली, "हूं."

वामनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी जंगूला पुन्हा बसायला लावलं. हूं. ते स्वतः बसले. हूं. बत्तीस वर्षांचं गुपित त्यांनी एका बुशला सांगितलं होतं, यात लाज होती, पण भीती नव्हती. त्यांनी हसून जंगूला सांगितलं की काल ही पुलियापासून शेतापर्यंत अशीच बोलत होती.

जंगू गाडीखाली होता. त्याने तिथूनच विचारलं, "मागं कोन होतं?"

"कोनी नाई. तेच तं सांगून राह्यलो. रिकामी होती."

जंगू बाहेर आला. मागच्या सीटवरून त्याने वजन काढलं आणि नुसती गाडी हातांनी जोरात हलवली. आवाज आला नाही. मग वामनरावांना पुढे त्यांच्या जागेवर बसायला लावून हलवली. तेव्हाही नाही.

"मागच्या सीटवर वजन पडल्याबिगर हा बुश बोलत नाई, साहेब," तो म्हणाला. "अन् पाचव्या खाचेवर रिकामी चालवली असती तं तुमाले उडवलं असतं तिनं. उडवलं का?"

"येताना उडवलं," वामनराव म्हणाले.

"जाताना?"

वामनरावांनी मागची सीट हाताने दाबून पाहिली. जंगूने बुशला ग्रीस भरलं, स्प्रिंगा तिसऱ्या खाचेवर आणल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं की कोणी आपलं माणूस होतं का. जसं काय त्या वाटेवर माणसं बसवून नेणं ही रोजचीच गोष्ट.

ते घरी पोचले तेव्हा दारात ठमाबाई बसल्या होत्या आणि गल्ली जमली होती. नाक्यावरून निरोप आला होता. काल भूपेशच्या रजिस्टरात आत गेलेल्या व्यक्ती दोन आणि बाहेर आलेली व्यक्ती एक अशी नोंद होती. एक बाई आत राहिली असं समजून वनखात्याची सहा माणसं काठ्या घेऊन सकाळपासून जंगल धुंडत होती. क्षेत्र सहायक खुशालराव स्वतः नाक्यावर येऊन बसले होते. हरवलेल्या बाईने ताबडतोब हजर व्हावं, असा निरोप होता. हरवलेली बाई उडदाच्या वड्या घालत होती, तिने हात धुतले आणि मागे बसली. गाडी नाक्यापर्यंत एक अवाक्षर बोलली नाही.

खुशालराव सभ्य माणूस होते. त्यांनी ठमाबाईंना खुर्ची दिली, त्या जिवंत असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि मग रजिस्टर उघडलं. त्यांचं म्हणणं असं की नोंद खोडता येत नाही. बाई आत गेल्याच नसतील तर तसा अर्ज द्यावा लागेल. आणि भूपेशने माणूस नसताना माणूस लिहिलं असेल तर भूपेशवर कारवाई होईल.

भूपेश पंचविशीचा होता आणि नोकरीला दोन वर्षं झाली होती. तो खाली पाहून म्हणाला की रोजचंच म्हणून लिहिलेलं नाही, डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे. साहेबांच्या मागे बाई होती. साहेब तिच्याशी बोलत होते.

"मीच होती का ते?" ठमाबाईंनी विचारलं.

भूपेशने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "धुकं होतं, बाई. तोंड नाई दिसलं. पन तुमच्यापेक्षा बारीक होती. पांढरी साडी, निळ्या काठाची. थंडीत अंगावर शालबिल काईच नव्हतं, म्हनून ध्यानात राह्यलं." थोडं थांबून तो म्हणाला, "साहेब तिले म्हनत होते का तुहं नर्सिंगचं पत्र आलं होतं."

खुशालरावांनी मान वर करून वामनरावांकडे पाहिलं. बाहेर बांबूवर एक कोतवाल पक्षी बसला होता.

ठमाबाईंनी खुशालरावांकडे कागद मागितला. टेबलावर वाकून त्यांनी सावकाश, गोल अक्षरात अर्ज लिहिला, खाली सही केली आणि सरकवला. खुशालरावांनी तो मोठ्याने वाचला, कारण अर्ज मोठ्याने वाचायची त्यांची पद्धत होती. "काल सकाळी माझ्या नवऱ्याच्या मागे बसलेली बाई मी नव्हते. मी पुलियावरच राहिले."

मग त्या बाहेर आल्या. वामनराव मागोमाग आले. त्यांना वाटलं होतं की आता प्रश्न येईल, की का केलं. तो त्यांनी काल सोडवून ठेवला होता. पण ठमाबाईंनी तो विचारलाच नाही.

"काय लिवलं होतं पत्रात?"

वामनरावांना सगळं पाठ होतं. फायलीत ठेवायच्या आधी त्यांनी ते पुष्कळ वेळा वाचलं होतं. "एक जुलैले, सकाळी दहा वाजता हजर व्हावं," ते म्हणाले. "मूळ गुणपत्रिका आणावी. दोन फोटो."

"अजून?"

"दोन साड्या. पांढऱ्या. निळ्या काठाच्या."

ठमाबाईंनी जंगलाकडे पाहिलं. ऊन वर आलं होतं तरी सागाखाली अजून थोडं धुकं उरलं होतं. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता. बऱ्याच दिवसांनी माहेरचं कोणी दिसावं तसा होता. ब्रह्मपुरीकडे जाणारी काळीपिवळी जीप आली, तिला त्यांनी हात केला. चढताना त्या म्हणाल्या, "तिले असं आत टाकून येऊ नये. आनल्याबिगर घरी नका येऊ."

जीप गेली. वामनराव गाडीशी आले, हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही. त्यांनी हँडल जंगलाकडे वळवलं आणि बांबूसमोर जाऊन उभे राहिले. भूपेशने खिडकीतून पाहिलं आणि अवघडून म्हणाला की साहेब, एकट्याला सोडता येत नाही.

आत खुशालराव अर्ज रजिस्टरात टाचत होते. त्यांनी नोंद पुन्हा वाचली, दोन आत, एक बाहेर, आणि बाई तर आत गेलीच नाही असा अर्ज. हिशेब त्यांनी दोनदा लावून पाहिला. सरकारी कागदाच्या बाहेर विचार करायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या दिवशी तरी ती उपयोगी पडली नसती.

"सोड त्यांले," ते आतूनच म्हणाले. "एक बाई आत हाये. हे धरून दोन झाले."

भूपेशने बांबू वर केला.